शिळा भात, ओली कोथिंबीर आणि मोड आलेला बटाटा: घरातलं अन्न नेमकं का बिघडतं?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, लोकलमध्ये उभं राहून वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय. मधले "अं", "म्हणजे" तेवढे कमी केलेत.

आजचा विषय आहे स्वयंपाकघरातल्या टिप्स. थांबा, लगेच पुढे ढकलू नका! "दहा भन्नाट किचन हॅक्स" असलं काही नाहीये. अशा रील्स मीही शंभर सेव्ह केल्यात आणि एकही परत उघडलेली नाही. आज मी माझी एक चूक सांगणार आहे आणि त्या चुकीतून जे समजलं ते सांगणार आहे.

ती सकाळ

पुण्यात नोकरीसाठी आले तेव्हाची गोष्ट. मी आणि माझी रूममेट, दोघींचा टू-रूम-किचन फ्लॅट. मे महिना. रात्री नऊ वाजता कुकर लावला, भात जास्त झाला. उरलेला भात कुकरमध्येच, झाकण लावून ओट्यावर ठेवला आणि झोपले. सकाळी आठला कांदा, मिरची, शेंगदाणे घालून झकास फोडणीचा भात केला. दोघींनी पोटभर खाल्ला. रूममेटचा त्या दिवशी दुपारी इंटरव्ह्यू होता. "उपाशीपोटी जाऊ नकोस," असं म्हणून मीच तिला जास्त वाढला.

अकरा वाजता तिला उलट्या सुरू झाल्या. साडेअकराला मला. इंटरव्ह्यू राहिला बाजूला, संध्याकाळपर्यंत ती सलाइनवर होती. डॉक्टरांनी एकच विचारलं, "काय खाल्लं होतं?" रात्रीचा भात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "रात्रभर बाहेर होता ना?"

मला खरंच पटत नव्हतं. आमच्या घरी आई आठवड्यातून दोनदा फोडणीचा भात करते. आम्हाला कधी काही झालं नाही. मी आईला फोन केला, जरा तावातच. आई म्हणाली, "अगं, पण तू रात्री भात काढून ठेवलास कशात?"

कशात म्हणजे? कुकरमध्येच.

तेव्हा कळलं. आई उरलेला भात परातीत पसरते, पंख्याखाली गार करते आणि झोपायच्या आधी झाकून फ्रिजमध्ये टाकते. हे मी वीस वर्षं बघत होते. मला वाटायचं, भात मोकळा व्हावा म्हणून पसरते. सकाळची फोडणी मला पाठ होती. रात्रीची परात मी कधी मोजलीच नव्हती. अर्धीच टिप घेऊन मी घराबाहेर पडले होते.

तेव्हापासून मी टिप पाठ करत नाही, तिच्यामागचं कारण विचारते. आणि ओट्यावर काहीही ठेवताना स्वतःला तीन प्रश्न विचारते. ते कोमट आहे का? ते ओलं आहे का? ते श्वास घेतंय का? एकेक घेऊया.

पहिला प्रश्न: ते कोमट आहे का?

भाताचंच बघा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू म्हणजे जणू चिलखत घातलेलं बी. भात शिजताना ते मरत नाहीत. भात गरम असतो तोवर गप्प बसतात. कोमट झाला की जागे होतात, वाढतात आणि काही वेळा एक विष तयार करतात. आणि खरी गोम इथे आहे. हे विष नंतर गरम केल्यानं जात नाही. म्हणजे "चांगली खरपूस फोडणी दिली की सगळं मरतं" हा माझा समज साफ चुकीचा होता. जिवाणू मरतील, विष ताटात राहील.

वास घेऊन कळेल? नाही. त्या भाताला कसलाही वास नव्हता. आंबलेलं अन्न वासावरून कळतं, पण वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं, असं होत नाही.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस ही जिवाणूंच्या सोयीची जागा. म्हणून नियम असा की शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. आपल्याकडचा एप्रिल-मे असेल तर एका तासात. झाकण लावलेल्या कुकरमधला भात तासन् तास कोमट राहतो. म्हणजे मी त्या जिवाणूंना बंद खोलीत गादी घालून दिली होती!

मग करायचं काय? भात परातीत पसरा. डाळ, भाजी मोठ्या पातेल्यात तशीच न ठेवता दोन-तीन उथळ डब्यांत काढा, म्हणजे लवकर गार होते. वाफ गेली, भांडं हाताला सोसवेल इतकं झालं की फ्रिजमध्ये ठेवा. पूर्ण गार व्हायची वाट बघत झोपून जाऊ नका. भात दुसऱ्या दिवशी संपवा, आणि जेवढा लागेल तेवढाच बाहेर काढून वाफ येईपर्यंत गरम करा. गरम केलेलं परत फ्रिजमध्ये, परत गरम, हा खेळ नको.

फ्रिजबद्दल एक गोष्ट. दाराचा कप्पा हा सगळ्यात कमी थंड, कारण दार दर थोड्या वेळानं उघडतं. आपण नेमकं दूध तिथेच ठेवतो. दूध आत, मागच्या बाजूला ठेवा. दारात सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या. आणि लाइट गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका. दार बंद राहिलं तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो.

आता गंमत ऐका. हीच ऊब दही लावताना आपली मैत्रीण असते. दूध बोट बुडवून सोसवेल इतकं कोमट हवं, कारण विरजणातले जिवाणू त्याच उबेत वाढतात. थंडीत आजी दह्याचं भांडं जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवायची ते यासाठीच. इडलीच्या पिठाचंही तसंच. फुगेपर्यंत बाहेर, फुगलं की फ्रिजमध्ये. ऊब कुणासाठी आणि किती वेळ, एवढं आपल्या हातात.

दुसरा प्रश्न: ते ओलं आहे का?

मला सांगा, कोथिंबिरीची जुडी आणून तुम्ही काय करता? मी काय करायचे सांगते. नीट स्वच्छ धुवून, पिशवीत घालून, गाठ मारून फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवशी काळा चिखल. दर आठवड्याला एक जुडी कचऱ्यात जायची, आणि पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव माहितीये ना!

चूक धुण्यात होती. पानांवर राहिलेलं पाणी म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना आमंत्रण. आता जुडी सोडते, सडकी पानं काढते, न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. कापड ओलसर झालं की बदलते. धुवायची ती वापरायच्या वेळी. कागद वापरायचा तर साधा टिश्यू चालेल, वर्तमानपत्र नको. छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून एफएसएसएआयनं सुद्धा वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं सांगितलंय. मिरच्यांचे देठ काढून, कोरड्या पुसून ठेवा. सडायला सुरुवात बहुतेक देठापासून होते.

आता हाच प्रश्न उलटा करून बघा. ओल काढून टाकली तर अन्न किती टिकतं? पापड, कुरडया, सांडगे, सुकवलेली मासळी. आपण बेगमी म्हणतो, कोकणात अगोट म्हणतात, गोव्यात पुरुमेंत. पावसाळ्याआधीच्या उन्हात घराघरांत हेच चालतं, पदार्थातलं पाणी काढायचं. पाणी नाही तर जिवाणूंना वाढता येत नाही.

रव्याचं सांगते. रव्यात किडे होतात, ते बऱ्याचदा बाहेरून येत नाहीत, अंडी आधीपासूनच त्यात असतात. मंद आचेवर रवा भाजला की अंडी मरतात, ओलही जाते. पण भाजलेला रवा गरम असताना डब्यात भरला तर वाफ झाकणाला लागून पाणी खाली पडतं आणि गुठळ्या होतात. पूर्ण गार करा, मग भरा. कणीक किंवा बेसन भाजून ठेवता येत नाही, तर पाकीट आणल्यावर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका, घरातल्या हवेइतकं होऊ द्या. नाहीतर पिठाला दमट हवेचा घाम सुटतो.

लोणच्यात ओला चमचा घातला की आजी का ओरडायची, ते आता तुम्हीच सांगाल. मीठ आणि आंबटपणा जंतूंना रोखतात, वरचा तेलाचा थर हवा रोखतो. एका ओल्या चमच्यानं तेवढ्या जागी पाणी जातं आणि तिथे बुरशी धरते.

इथे एक धोक्याची सूचना. "तेलात बुडवलं की टिकतं" हे लसणीला लावू नका. सोललेली लसूण नुसत्या तेलात घालून ओट्यावर ठेवायच्या रील्स मी बघितल्यात. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, इथे दोन्ही नाही. हवा नसलेल्या अशा जागी बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. आलं-लसूण पेस्ट करायची तर थोडी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जास्त केली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि एकेक वडी काढून वापरा.

तिसरा प्रश्न: ते श्वास घेतंय का?

हा प्रश्न मला सगळ्यात उशिरा सुचला. कांदा, बटाटा, केळं ही तोडल्यानंतरही जिवंत असतात. हवा घेतात, ओल आणि उष्णता बाहेर टाकतात. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की ती स्वतःच्याच घामात सडतात.

नाशिककडे, लासलगावच्या आसपास गेलात तर शेतात कांदा चाळी दिसतील. तळ जमिनीपासून वर उचललेला, बाजूंना फटी, खालून आणि बाजूनं वारा खेळेल अशी रचना, वर छप्पर. ना एसी, ना फ्रिज. तरी उन्हाळ कांदा त्यात काही महिने टिकतो. आपल्याला चाळ बांधायची नाहीये. जाळीची टोपली घ्या, सिंकच्या खाली ओलीत ठेवू नका, झालं. खरेदी करतानाही बघा. उन्हाळ कांदा साठवायला चांगला. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्यापुरताच आणा.

बटाट्याला अंधार हवा. उजेडात तो हिरवा पडतो. हिरवेपणा हे सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढल्याची खूण. थोडासा हिरवा भाग किंवा एखादा मोड असेल तर खोलवर कापून टाका. बराच हिरवा किंवा कडू लागत असेल तर सगळाच टाका. बटाटा फ्रिजमध्येही नको. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळपट पडतात. कांदा-बटाटा एका टोपलीत नको. एक सडला की त्याची ओल दुसऱ्याला लागते.

आणि केळी, सफरचंद, आंबा? ही फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूनं शेजारचंही पिकतं. हापूसची आढी लावतात ती याच जोरावर. पेंढ्यात आंबे झाकले की ऊब आणि वायू आत कोंडतात आणि आंबे एकसारखे पिकतात. तोच वायू पालकाला मात्र पिवळा पाडतो. म्हणून सफरचंद आणि पालेभाजी फ्रिजच्या एकाच कप्प्यात नको. कच्चं ॲव्होकाडो किंवा चिकू लवकर पिकवायचा असेल तर त्याच्याशेजारी पिकलेलं केळं ठेवून कागदी पिशवीत बांधा.

जाता जाता

तर मंडळी, कोमट आहे का, ओलं आहे का, श्वास घेतंय का. नवीन काहीही घरी आणलंत, समजा पनीर, मशरूम, मोड आलेली मटकी, तरी हेच विचारून बघा. मटकी ओली आहे आणि श्वासही घेतेय. मग हवाबंद डब्यात तीन दिवस ठेवली तर काय होईल? उत्तर तुमचं तुम्हाला देता येईल.

माझ्या रूममेटला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. आम्ही अजून एकत्रच राहतो. मी वाढायला घेतलं की ती आजही विचारते, "भात कधीचा?" चेष्टेत विचारते, पण उत्तर ऐकल्याशिवाय घास घेत नाही. आणि मला त्याचा राग येत नाही.

आज एक काम करा. घरी फोन लावा. आईला, आजीला, बाबा स्वयंपाक करत असतील तर त्यांना. तुम्ही नेहमी करता अशी एखादी गोष्ट विचारा, "हे आपण असं का करतो? आणि याच्या आधी काय करतो?" तुमच्या हातून सुटलेली परात तिथे सापडेल. सापडली की व्हॉइस नोट करून मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

तोपर्यंत रात्रीचा भात पसरून ठेवा. भेटूया!