उजेडानेच काळवंडणारी काच

कंदिलाची काच काजळली, की आपल्या आया-आज्या ती राखेने घासून लख्ख करीत. दोष वातीचा, काच बिचारी निर्दोष! पण जिथे ना वात, ना तेल, ना धूर, अशा ठिकाणी काच नुसत्या उजेडाने काळवंडते, असे कोणी सांगितले तर?

पोलादाचे पत्रे सफाईने कापणारी लेसर यंत्रे आता पुष्कळ कारखान्यांत असतात. त्यांपैकी अनेकांच्या पोटात केसाहून किंचित जाड असा काचेचा तंतू वेटोळे घालून बसलेला असतो. त्याच्या गाभ्यात इटर्बियम हे दुर्मिळ मूलद्रव्य मिसळलेले असते. मारिन्याक या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ते १८७८ साली शोधले. नाव मात्र स्वीडनमधल्या इटर्बी खेड्याचे. या चिमुकल्या गावाने एक सोडून चार मूलद्रव्यांना आपले नाव दिले आहे! तंतूत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडला, की इटर्बियमचे अणू तो पितात आणि एका तालात, एका दिशेने परत करतात. हाच लेसरचा झोत.

पण यंत्र चालता चालता झोत हळूहळू मंदावू लागतो. काचेतले काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून भलत्याच खाचेत अडकून बसलेले असतात. अशा जागांना ‘वर्णकेंद्रे’ म्हणतात. ती दृश्य प्रकाश तर गिळतातच, पण लेसरच्या झोतातूनही वाटा उचलतात. गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते, ते वेगळेच.

खरी गंमत पुढेच आहे. इलेक्ट्रॉन असा उठवायला जी ऊर्जा लागते, तिच्या चौथा हिस्सासुद्धा एका अवरक्त प्रकाशकणापाशी नसते. मग हे घडते कसे? इटर्बियमचे अणू काचेत घोळका करून बसतात आणि आपापली ऊर्जा वर्गणीसारखी एकत्र करतात, असा पुष्कळांचा तर्क आहे. सर्वांचे त्यावर एकमत मात्र नाही. उत्तेजित अणूंची संख्या जरा वाढली, की काळवंडणे झपाट्याने वाढते, एवढे प्रयोगांत पक्के दिसले आहे.

उपाय घरगुती वाटावेत असेच आहेत. अ‍ॅल्युमिनियम घातले, की घोळके पांगतात. फॉस्फरस भरपूर घातला, तर काळेपणा जवळजवळ थांबतो, पण इटर्बियमची प्रकाश पिण्याची ताकदही कमी होते. सेरियमही चालते, ते सुटे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेते. काळवंडलेला तंतू काही शे अंशांपर्यंत तापवला, तर पुन्हा निवळतोसुद्धा! मात्र त्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन त्याआधीच जळून जाते. म्हणून काही संशोधकांनी अतिनील प्रकाशच तंतूवर सोडून पाहिला, आणि काळेपणा उतरला.