चुंबकाने परत मिळणारा प्रकाश-उत्प्रेरक

दूषित पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये प्रकाशाच्या साहाय्याने नष्ट करता येतात, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविले; १९७७ मध्ये फ्रँक व बार्ड यांनी त्याच पदार्थाच्या भुकटीने पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीभवन केले. सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश या अर्धसंवाहकावर पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो व मूळ जागी धनभारित रिक्त स्थान उरते. या रिक्त स्थानामुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात आणि ते रंग, फिनॉल, कीटकनाशके यांच्या रेणूंचे तुकडे पाडतात.

अडचण आहे ती भुकटीची. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनाच्या भुकटीचे पृष्ठफळ दुप्पट होते. परंतु कण तळाशी बसण्याचा वेग मात्र चौथाईवर येतो. वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण तर बसतच नाहीत म्हटले तरी चालेल. ज्या बारीकपणामुळे उत्प्रेरक कार्यक्षम होतो, त्याच बारीकपणामुळे तो पाण्यातून काढणे दुर्घट होते. आणि जो काढला गेला नाही तो स्वतःच प्रदूषक ठरतो.

यावर सुचणारा उपाय म्हणजे कणाच्या गाभ्यात मॅग्नेटाइट ठेवून त्यावर टिटॅनियम डायऑक्साइडचे कवच चढविणे. मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण अतिसमचुंबकी असतात. बाह्य चुंबक जवळ असेल तोवरच ते चुंबकत्व दाखवितात व तो दूर होताच ते गमावतात. त्यामुळे काम चालू असता कण एकमेकांना चिकटत नाहीत, आणि काम संपल्यावर भांड्याच्या भिंतीशी ओढून घेता येतात.

ही युक्ती जितकी सरळ दिसते तितकी ती नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात बेडून, अमाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण सिद्ध करून २००० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कण निव्वळ टिटॅनियम डायऑक्साइडहून मंद ठरले. इतकेच नव्हे तर प्रकाशात गाभ्यातील लोह पाण्यात विरघळू लागले. कवचात मुक्त झालेला इलेक्ट्रॉन गाभ्यात उतरतो आणि तेथे फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण होते. फेरस लोह पाण्यात सहज जाते. शिवाय इलेक्ट्रॉन व रिक्त स्थान यांचे पुनर्मीलनही वाढते. जो क्रिया घडवितो पण स्वतः खर्च होत नाही तो उत्प्रेरक, असा या संज्ञेचा अर्थ आहे. प्रकाशात झिजणाऱ्या या कणाला ते नाव पूर्णपणे शोभत नाही, असेच म्हणावे लागेल.

गाभा व कवच यांच्यामध्ये सिलिकाचा विद्युत्-रोधक थर घातल्यावर लोहाचे विरघळणे आवरले गेले व कार्यक्षमता वाढली. असा थर देण्याची रीत मुळात श्ट्योबर, फिंक व बोन यांनी १९६८ मध्ये सिलिकाचे एकसारखे गोलक बनविण्यासाठी वर्णिली होती. थराच्या जाडीस मात्र मर्यादा आहे. तो फार पातळ असल्यास इलेक्ट्रॉन पलीकडे जातो. फार जाड झाल्यास कणातील मॅग्नेटाइटचे प्रमाण घटते व चुंबकाची ओढ क्षीण होते.

कार्यक्षमता मोजण्याच्या प्रचलित पद्धतीविषयीही सावध राहणे इष्ट आहे. पुष्कळ प्रयोगांत मेथिलीन ब्ल्यूचा रंग किती लवकर उडतो, एवढेच पाहिले जाते. हा रंग स्वतः दृश्य प्रकाश शोषतो, आणि क्षपण झाल्यास तो न तुटताही रंगहीन होतो. अॅझो रंगांची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यांचा नायट्रोजन-बंध तुटला की पाणी फिके पडते, पण अॅरोमॅटिक अमाइने मागे राहू शकतात. मराठीत नितळ व निर्मळ हे दोन शब्द वेगळे आहेत. प्रयोगाच्या नोंदवहीतही ते वेगळे ठेवावयास हवेत. त्यासाठी वर्णमापनाबरोबर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनही मोजला पाहिजे.

परत मिळणाऱ्या भागाच्या आकड्याकडेही असेच बारकाईने पाहावे. प्रत्येक फेरीस ९८ टक्के कण हाती येत असतील, तर दहा फेऱ्यांनंतर मूळ भुकटीपैकी सुमारे ८२ टक्केच उरते. लिटरला १ ग्रॅम भुकटी वापरली असल्यास दर फेरीच्या प्रत्येक लिटर पाण्याबरोबर २० मिलिग्रॅम कण बाहेर जातात. इचलकरंजीसारख्या कापडधंद्याच्या गावातील रंगाईच्या सांडपाण्यात मीठ व सोडाही असतो. त्यातील कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक गिळून टाकते, आणि अल्कधर्मी पाण्यात सिलिका हळूहळू विरघळते. म्हणजे ज्या थरावर सारी योजना उभी आहे, तोच अशा पाण्यात किती फेऱ्या टिकतो, याची परीक्षा शुद्ध जलातील प्रयोगाने होऊ शकत नाही. ती प्रत्यक्ष सांडपाण्यातच, दर फेरीस विरघळलेले लोह व सिलिका मोजून घ्यावी लागते.