शस्त्रपरवाना, भाग ५ : आधी काडतूस, मग रिव्हॉल्व्हर

मागच्या आठवड्यात अर्ज, पोलीस चौकशी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय इथपर्यंत आपण आलो. ओझर नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, म्हणून इथल्या माणसाचा परवाना शहरातल्या पोलीस आयुक्तालयातून नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. या आठवड्यात दुकानात जायचं आहे. पण दुकानात शिरण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यायला हवं: रिव्हॉल्व्हर कशासाठी हवं आहे?

आपल्या भागात या प्रश्नाला साधारण तीन उत्तरं मिळतात. ओझर म्हणजे एचएएलचा विमान कारखाना आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो. त्यामुळे गणवेशात आयुष्य काढलेली माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात, आणि निवृत्तीनंतर त्यांतल्या काहींना परवाना हवा असतो. पिंपळगाव बसवंत, लासलगावच्या बाजारात रोकड घेऊन फिरणारा व्यापारी हा दुसरा. आणि तिसरा, ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, तो मळ्यातल्या वस्तीवर राहणारा शेतकरी. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे, रात्रपाळीची वीज आली की पाणी भरायला त्याला बाहेर पडावंच लागतं, आणि घरात लहान मुलं आहेत.

पहिल्या दोघांचा विचार नियमांत केलेला आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार व्यवसायाच्या किंवा कामाच्या स्वरूपामुळे ज्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला खरा धोका आहे, त्याचा अर्ज विचारात घेता येतो. माजी सैनिकाचाही घेता येतो, मात्र त्यालाही संरक्षणाची खरी गरज दाखवावी लागते. शेतकऱ्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर त्यात नाही. कायदा करणाऱ्यांचा यामागचा विचार मला पटतो. लांब नळीचं हत्यार लपवता येत नाही, खिशात घालून भांडणाच्या जागी नेता येत नाही.

बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ६.३५ ग्रॅमची असते आणि तिचा वेगही बेताचा असतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तीन इंच नळीचं हत्यार आणि समोर उसातून झेपावणारा प्राणी, अशा वेळी नेम लागण्याची शक्यता फार थोडी. लागलाच तर जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या सकाळी शेजारच्या वस्तीला भेटतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ मध्ये जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, पण बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या प्रसंगाची चौकशी होणारच. पिंजऱ्यासाठी वन विभागाकडे पाठपुरावा, घराभोवती उजेड, गोठ्याला बंदिस्त जाळी आणि दिवसा शेतीला वीज मिळावी ही मागणी यांत घातलेला वेळ अधिक कामी येतो.

निफाड तालुक्यात आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात नसते. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाताच येत नाही, मग परवाना खिशात असला तरीही. गोदाकाठच्या गावांतल्या अर्जदारांनी अंतर आधीच मोजून घ्यावं.

आता खरेदी. बहुतेक जण दुकानात जाऊन आधी हत्यार हातात घेतात, वजन बघतात, चकाकी बघतात आणि काडतुसाचा विचार शेवटी करतात. मी उलट क्रम सांगतो. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर कोणतं हत्यार येईल हे काडतुसावरूनच ठरतं. सैन्य आणि पोलीस वापरतात ती काडतुसं, म्हणजे ९ मिलिमीटर, ३८०, ४५५, ही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. चित्रपटांतून ओळखीची झालेली बहुतेक हत्यारं त्यामुळे बाद होतात. उरतात मुख्यतः ३२ आणि २२ बोअर. पॉइंट २२ चं काडतूस हलकं, धक्का कमी, सरावाला चांगलं. संरक्षणासाठी घेणारे बहुतेक ३२ बोअरकडे वळतात.

आणि इथेच नवख्याचा गोंधळ होतो. ३२ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस ‘३२ लाँग’, त्याच्या बुडाला बाहेर आलेली ठसठशीत कडा असते. दुसरं ‘३२ एसीपी’, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, ते पिस्तुलाचं. आखूड, आणि त्याची कडा जेमतेम. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसतंही, म्हणून धोका जास्त. त्याचा दाब ३२ लाँगपेक्षा बराच अधिक असतो, आणि ज्या कडेवर रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस टेकायला हवं ती कडाच अपुरी असते. तेव्हा डब्यावरचं पूर्ण नाव वाचा, नुसतं ‘बत्तीस द्या’ म्हणू नका. भारतीय काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसली तर ते पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. १८६९ पासून चालत आलेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

किती काडतुसं घ्यायची हे तुमच्या मर्जीवर नाही. एका वेळी जवळ किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यावर लिहिलेले असतात. त्यातली थोडी सरावासाठी राखून ठेवा आणि ती मान्यताप्राप्त रेंजवर खरोखर वापरा. वर्षानुवर्षं एकही गोळी न झाडलेला परवानाधारक मला सगळ्यांत असुरक्षित वाटतो.

हत्यारांत निवड फार मोठी नाही. परदेशी बनावटीची खासगी आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. जुनी वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन हातोहात फिरतात आणि अवाच्या सवा किमतीला जातात. कानपूरच्या सरकारी कारखान्यांची ३२ बोअरची रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं विकली जातात. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलोचं; तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबळ’ ६७५ ग्रॅमचं. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण झाडताना धक्का जास्त देतं. ज्यांच्या मनगटात फार जोर नाही त्यांनी थोडं जड घ्यावं असं माझं मत आहे.

विकत घेण्याआधी दुकानदाराच्या परवानगीने हत्यार उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग घोडा मागे ओढून सिलिंडर हलवून बघा. प्रत्येक घरावर तो घट्ट बसायला हवा. नळीतून उजेडाकडे पाहा, आतली पेचदार खाच स्वच्छ दिसली पाहिजे, गंजाचे खड्डे नकोत. घोडा न ओढता नुसता चाप दाबून बघा. रिव्हॉल्व्हरचा चाप असा दाबायला बराच जड असतो, आणि थरथरत्या हाताने तो दाबताना नेम हलतो. आणि हत्यारावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी एकेक आकडा जुळवून घ्या.

सोबतच्या वस्तूंत पहिला खर्च कपाटाचा. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेलं छोटं पोलादी लॉकर, किल्ली एकाकडेच, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलं असलेल्या घरात, किंवा घरातलं कुणी निराशेत असेल तर, यात तडजोड नको. निराशेतलं माणूस घरात असताना हत्यार घरात ठेवूच नये. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते रीतसर जमा करता येतं.

चामड्याचं होल्स्टर दिसायला सुंदर असतं, पण ते बाळगण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. आपल्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि चार महिन्यांत धातूवर तांबेरा उठतो. हत्यार पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन, कोरड्या कापडात ठेवावं. काडतुसांना मात्र तेल लागू देऊ नये. ते बुडातल्या टोपीत झिरपलं तर काडतूस ऐन वेळी दगा देतं. नळीच्या मापाचा ब्रश, कापडाच्या पट्ट्या, सरावासाठी नकली काडतुसं आणि रेंजवर कानांना संरक्षण, एवढं सामान पुरतं. आवाज कमी करणाऱ्या नळ्या कुणी दाखवल्या तर तिथून निघून या. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत आवाज किंवा ज्वाळा लपवणारं साधन हे स्वतःच अग्निशस्त्र ठरतं.

पैसे दिले की काम संपत नाही. बनावट, बोअर आणि क्रमांक यांची परवान्यावर नोंद झाली आहे ना, हे दुकानातच बघा आणि ठरलेल्या मुदतीत हत्यार संबंधित कार्यालयाला दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्नात किंवा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. नवं हत्यार घेतल्यावर पाहुणेमंडळी हौसेने आग्रह करतील, तेव्हा हा आकडा त्यांनाही सांगा.

पुढच्या आठवड्यात नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश, आणि परवानाधारक वारल्यावर वारसांनी काय करायचं ते पाहू.