सोमवारची आरती, पहाटेचा अभ्यास

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर अक्कलकुवा सोडून पश्चिमेला निघालं की खापर लागतं. आणखी थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो आणि गुजरातेतलं सागबारा येतं. इथल्या बाजारात एकाच दुकानासमोर देहवाली, अहिराणी, गुजराती आणि मराठी कानावर पडते. दहावी-बारावी झालेली, पोलिस भरतीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली मुलं इथंही आहेत, आणि त्यांच्या मोबाइलवर आत्मविश्वास वाढवण्याचे व्हिडिओही आहेत. ध्यान करा, रोजनिशी लिहा, पहाटे उठा, असं त्यांत सांगितलेलं असतं. सल्ला चुकीचा नाही. पण तो कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो. खरं तर याच पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, नेमाच्या बळावर माणसं ताठ उभी राहिल्याचे दाखले आहेत, आणि ते कोणत्याही व्हिडिओपेक्षा जुने आहेत.

सर्वांत जवळचा आणि सर्वांत अलीकडचा दाखला अक्कलकुव्याचाच. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचा एक भिल्ल मुलगा इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात आला. वडील त्याच्या जन्माआधीच गेलेले. आई मोहाची दारू गाळून विकायची, त्यावर घर चालायचं. झोपडीत गिऱ्हाइकं बसलेली आणि कोपऱ्यात मुलगा अभ्यास करतोय, असं त्याचं बालपण. हा मुलगा पुढे मुंबईत एमबीबीएस झाला आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन 2013च्या तुकडीत भारतीय प्रशासकीय सेवेत गेला. ज्या जिल्ह्यात शाळा शिकला, त्याच नंदुरबारचा तो जिल्हाधिकारी झाला. डॉ. राजेंद्र भारूड हे नाव कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशभर पोचलं. शहरांत प्राणवायूसाठी धावाधाव चालू असताना नंदुरबारमध्ये ऑक्सिजनचे प्रकल्प आधीच उभे होते.

भारूड यांनी मुलाखतींत स्वतःच्या दिनक्रमाबद्दल सांगितलं आहे. पहाटे पाचला उठायचं, थोडा व्यायाम किंवा ध्यान, मग अभ्यास, मग वर्ग, परत आल्यावर पुन्हा अभ्यास. यात चमत्कार म्हणावा असं काही नाही, आणि म्हणूनच ते नीट पाहायला हवं. सरकारी नोकरी लागल्यावर त्यांनी ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे आत्मकथन लिहिलं. दारू गाळणाऱ्या घरची लाज बाळगायची की ती गोष्ट नाव घेऊन सांगायची, हा त्या मुलापुढचा प्रश्न असणार. पुस्तकाने त्याचं उत्तर दिलं.

नवोदय विद्यालयाचा वाटाही कमी नाही. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने देशभर उभी केलेली ही निवासी शाळा सहावीपासून मुलाला घड्याळाला बांधते. सकाळची कवायत, प्रार्थना, वर्ग, खेळ, संध्याकाळचा देखरेखीखालचा अभ्यास, दिवे मालवायची वेळ. ज्या घरात अभ्यासाची वेळ ठरवणारं कुणी नाही, वेळ ठरवायला सवडच नाही, तिथल्या मुलाला ही चौकट आयती मिळते. पुढे शाळा सुटते, चौकट अंगात राहते. शिस्त म्हटली की आपल्याकडे पटकन छडी आठवते. इथे ती मुलाच्या बाजूने उभी असते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. ‘हे मला जमेल’ ही भावना कशातून येते, याचा त्यांनी शोध घेतला. कुणी पाठ थोपटल्याने ती थोडी वाढते. आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहिलं की आणखी वाढते. पण सर्वांत पक्की भावना येते ती स्वतः काहीतरी करून पार पाडल्यावर. हे एकदा ध्यानात घेतलं की क्रम उलटा दिसू लागतो. आत्मविश्वास आला की काम सुरू करू, असं आपण म्हणत बसतो. तो येतो मात्र काम सुरू झाल्यानंतर, रोजच्या बारीकसारीक पूर्ततेतून. आणि भारूड यांच्यासारखा शेजारच्या जिल्ह्यातला माणूस डोळ्यांसमोर असणं हे अक्कलकुव्याच्या मुलाला दिल्ली-मुंबईच्या वक्त्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे.

आता नव्वदेक वर्षं मागे जाऊ.

तळोदा तालुक्यातलं मोरवड. 1930च्या दशकाच्या अखेरीस भिल्ल समाजातल्या गुलाम महाराजांनी इथे आरती सुरू केली. लोक दर सोमवारी जमत. अट साधी होती: आंघोळ करून, स्वच्छ होऊन यायचं, दारू सोडायची आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. सावकार, जमीनदार आणि अंमलदार ज्यांना उभ्या आयुष्यात अरे-तुरेखेरीज हाक मारत नव्हते, त्या माणसांनी एकमेकांना आदराने हाक मारायला सुरुवात केली. बापाने मुलाला आणि नवऱ्याने बायकोलाही. पाहता पाहता सोमवारी मोरवडला हजारोंची रीघ लागू लागली. सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसं पायी येत.

या चळवळीकडे केवळ दारूबंदीची चळवळ म्हणून पाहिलं, तर तिचं मर्म हातून निसटतं. दारू सुटली की कर्जाची एक वाट बंद होत होती, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट आठवड्याच्या त्या ठरलेल्या दिवसात होती. सहा दिवस दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सातवा दिवस स्वतःचा म्हणून मिळाला. त्या दिवशी तो कुणाचा सालदार नव्हता. सगळ्या गावासमोर त्याने शब्द दिलेला असे आणि पुढच्या सोमवारी त्याच लोकांसमोर उभं राहायचं असे. एकट्याने केलेला निश्चय चार दिवसांत ढिला पडतो. हजारो साक्षीदारांसमोरचा निश्चय मोडणं अवघड.

1938मध्ये गुलाम महाराज गेले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली. दर आठवड्याला शिस्तीत जमणारी, न पिणारी, एकमेकांना मान देणारी आदिवासी माणसं इंग्रज सरकारला खुपू लागली. बंदी आली. 2 मार्च 1943ला तळोदा तालुक्यातच रावलापाणी इथे जमलेल्या अनुयायांवर गोळीबार झाला आणि 15 जण ठार झाले. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. ‘आप’ पंथ मात्र संपला नाही. त्याचे अनुयायी आजही नंदुरबार जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे गुजरातेत आहेत.

नेम पाळण्याची ही रीत या डोंगरांना नवी नव्हतीच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहायला आता लांबून लोक येतात, कॅमेरे येतात. उंच बांबूची होळी, रात्रभर नाच, पहाटेला अग्नी. कॅमेऱ्यात भरतो तो बुध्या: अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले दुधीभोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. चालताना भोपळे एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजतात. पण हा वेश चढवण्याआधीचे दिवस कॅमेऱ्याला दिसत नाहीत. नवस करून बुध्या किंवा बावा होणारा माणूस होळीच्या काळात व्रत पाळतो. खाटेवर बसायचं-झोपायचं नाही, अनवाणी चालायचं, ब्रह्मचर्य पाळायचं. नाच हा त्या व्रताचा शेवट असतो. मन एका गोष्टीवर ठेवायला शिकवणं म्हणजे ध्यान असेल, तर रात्रभर ढोलाच्या एका ठेक्यावर पाय ठेवणारा हा माणूस ध्यानापासून फार दूर नाही. डोळे मिटून मांडी घालून बसणं हा ध्यानाचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

लेखनाचा धागा मात्र खानदेशातच जरा दक्षिणेला, धुळे आणि अमळनेरला सापडतो. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998ला वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख धुळ्याचाच. अमळनेरच्या हायस्कुलात 1924पासून सहा वर्षं साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. या काळातली त्यांची एक सवय फार मोलाची वाटते. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. रात्री मुलं झोपली की लिहायला बसायचं आणि सकाळी मुलांना ताजा अंक वाचायला ठेवायचा. मासिक नव्हे, साप्ताहिक नव्हे, दैनिक. छापखाना नाही, मानधन नाही, वाचक म्हणजे छात्रालयातली पोरं. स्वभावाने लाजरा, हळवा असलेला हा माणूस रोज रात्री कुणासाठी तरी लिहीत राहिला आणि लिहिता झाला. 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहिला, असं आपण कौतुकाने सांगतो. त्या पाच दिवसांमागे अमळनेरच्या रात्री उभ्या आहेत, हे सांगायचं राहून जातं.

त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात आणखी एक नेम पाळला गेला. 21 फेब्रुवारी 1932ला, रविवारी, विनोबा भावे यांनी कैद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केलं. मग दर रविवारी एक अध्याय. 19 जूनला अठरावा अध्याय झाला, म्हणजे एकही रविवार चुकला नाही. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ही प्रवचनं हाताने टिपून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. पुढे त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. एक बोलतो, एक लिहितो, बाकीचे ऐकतात, आणि सगळ्यांचे हात-पाय तुरुंगात. बाहेरचं काहीही हातात नसताना आठवड्यातला एक तास तरी आपल्या ताब्यात ठेवता येतो, हे त्या अठरा रविवारांनी दाखवलं.

लिहिण्याने मनाला काय होतं, हे पुढे प्रयोगातूनही तपासलं गेलं. अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला सांगितलं. एका गटाने किरकोळ विषयांवर लिहिलं. दुसऱ्या गटाने मनाला लागलेल्या घटनेवर, घडलं ते आणि वाटलं ते, असं दोन्ही लिहिलं. लिहून झाल्याबरोबर या दुसऱ्या गटाला उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण कमी राहिलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा दिसला तरी माफकच दिसला. लेखन हे रामबाण औषध नाही, पण मनात घोळत राहिलेल्या गोष्टीला ते सुरुवात, मध्य आणि शेवट देतं.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायलाच हवी. ज्या साने गुरुजींनी हजारो मुलांना धीर दिला, त्यांनी स्वतः 1950च्या जूनमध्ये आपलं आयुष्य संपवलं. ध्यान, लेखन, सेवा यांतलं त्यांच्याकडे काय नव्हतं? सगळं होतं. नेम माणसाला उभं करतो, पण खोल नैराश्यावर तो उपचार नव्हे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीत लिहिण्याआधी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ‘ध्यान कर, सगळं ठीक होईल’ असं आजारी माणसाला सांगणं हे त्याला एकटं सोडण्यासारखंच आहे.

ज्याला सुरुवात करायची आहे, त्याने किती दिवस दम धरावा? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. 21 दिवसांत सवय लागते, हे सगळीकडे ऐकू येणारं गणित त्यात टिकलं नाही. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक निष्कर्ष धीर देणारा आहे: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी परत बसलं की झालं. भरतीसाठी धावणारी पोरं हे अनुभवाने जाणतात. पावसाने एक दिवस मैदान भिजलं, म्हणून कुणी धावणं सोडत नाही.

राहिला प्रश्न लिहायचं कोणत्या भाषेत. पाड्यावरच्या मुलाला वही म्हटलं की शाळेची मराठी आठवते, ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल रेघा आठवतात, आणि हात थबकतो. रोजच्या वहीला लाल रेघ नसते. तिच्यात देहवाली चालेल, पावरी चालेल, अहिराणी चालेल. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ या संग्रहातून भिल्लांचं जगणं त्यांच्याच नजरेने लिहिलं. बडोद्याच्या भाषा संशोधन प्रकाशन केंद्राने ‘ढोल’ हे नियतकालिक आदिवासी भाषांमध्ये काढलं, त्यांत देहवालीही होती. खापरच्या बाजारात जी भाषा बोलून मिरची-मोहाचा सौदा होतो, तीच छापील पानावर. ज्यांना वाटतं की आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, त्यांनी आजीला मोरवडच्या आरतीबद्दल विचारावं आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. ती आरती पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली असतील, आणि त्यांच्या आठवणींचा बराचसा भाग अजून कागदावर आलेला नाही.