जमीन कसणाऱ्याची, पण पाणी कोणाचे?



नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हिंगणघाट ओलांडले की वडनेर हे गाव लागते. हा सर्व परिसर काळ्या मातीचा. कपाशी, तूर आणि सोयाबीन ही येथील मुख्य पिके. वर्धा जिल्ह्यातील अशा कोणत्याही गावी दिवाळीनंतर शिवारातून फेरफटका मारला तर एक दृश्य हमखास दिसते. बांधाच्या एका बाजूस विहीर किंवा कालवा आहे. तेथे गहू-हरभरा डोलत असतो. दुसऱ्या बाजूस तीच माती, तेवढीच जमीन आणि तसेच कष्टाळू कुटुंब आहे; पण पाणी नाही. तेथे कापूस वेचून झाला की शिवार ओस पडते आणि घरातील कर्ती माणसे मजुरीच्या शोधात बाहेर पडतात. सातबाऱ्यावर दोघांचे क्षेत्र सारखे. जगणे मात्र सारखे नाही.

हा फरक निसर्गाने केला की माणसाने? जमिनीच्या न्याय्य वाटपाविषयी आपल्या देशात पुष्कळ विचार झाला, कायदे झाले. पाण्याच्या वाटपाविषयी मात्र तेवढा विचार झाला नाही. तो ज्यांनी केला त्यांच्या कार्याची ओळख करून देणे आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात त्याचा अर्थ समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

इसहाकाच्या विहिरी

पाण्यावरून होणारे तंटे पवित्र शास्त्राला अपरिचित नाहीत. उत्पत्तीच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची कथा आहे. त्याच्या शेतीची भरभराट पाहून शेजाऱ्यांना मत्सर वाटला आणि त्यांनी त्याच्या पित्याच्या विहिरी मातीने बुजवून टाकल्या. इसहाकाच्या चाकरांनी नवी विहीर खणली, तर गुराख्यांनी तिच्यावर हक्क सांगितला; तिचे नाव पडले ‘एसेक’, म्हणजे कलह. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. ती ‘सितना’, म्हणजे वैर. तिसऱ्या विहिरीवरून मात्र कोणी भांडले नाही. तिला त्याने ‘रहोबोथ’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ऐसपैस जागा.

इसहाकाला एक सोय होती. भांडण झाले की पुढे सरकायला मोकळा प्रदेश होता. आज वडनेरच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याला आहे त्याच शिवारात, आहे त्याच शेजाऱ्याबरोबर राहावयाचे आहे.

वर्ध्याच्या मातीतील दोन साधक

शेतीतील न्यायाचा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. डॉ. जे. सी. कुमारप्पा हे नाव आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते कॅथलिक नव्हते. परंतु प्रभू येशूची शिकवण त्यांच्या अर्थविचाराचा पाया होती आणि तिच्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ गांधीजींच्या सहवासात आले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहू लागले. पुढे वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे आश्रम काढून त्यांनी शेतीचे प्रयोग केले.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीने १९४९ साली सादर केलेल्या अहवालात शासन आणि कसणारा यांच्यामध्ये कोणीही मध्यस्थ नसावा, असे आग्रहाने मांडले होते. किती जमीन पुरेशी, हे ठरविताना समितीने केवळ एकरांचा हिशेब केला नाही. सर्वसाधारण आकाराच्या कुटुंबाला व निदान एका बैलजोडीला पूर्ण काम मिळेल आणि त्या कुटुंबाला बऱ्यापैकी जगता येईल, असे माप तिने सुचविले. म्हणजे मोजणीची सुरुवात जमिनीपासून नव्हे, तर कुटुंबापासून झाली. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

दुसरे साधक आचार्य विनोबा भावे. १९५१ च्या मार्चमध्ये ते पवनारच्या आपल्या आश्रमातून पायी हैदराबादकडे निघाले. १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने तेथेच १०० एकर देऊ केली. त्यातून भूदान चळवळ उभी राहिली. देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. मात्र त्यातील बरीच जमीन खडकाळ किंवा कोरडवाहू निघाली. बरीच प्रत्यक्षात वाटलीच गेली नाही. भूमिहीनाच्या हाती जमीन आली तरी पाण्यावाचून ती त्याचे पोट भरू शकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

अठरा आणि चोपन्न

हाच धडा आपल्या कायद्यातही लिहिलेला आहे. फक्त तो आपण त्या दृष्टीने वाचत नाही. विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कूळकायदा झाला. त्यानंतर १९६१ साली महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा झाला. या कायद्यात १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, जेथे दोन पिकांना पुरेल एवढ्या पाण्याची हमी आहे तेथे एका कुटुंबाला १८ एकर जमीन ठेवता येते. कोरडवाहू असेल तर ५४ एकर. म्हणजे पाण्याचा एक एकर हा कोरडवाहू तीन एकरांच्या बरोबरीचा, असे कायद्यानेच मान्य केले आहे.

याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्या शेताला पाणी मिळाले त्याची मालमत्ता बांध न सरकवता तिपटीने वाढली. कालवा सार्वजनिक पैशातून येतो, धरण सर्वांच्या करातून बांधले जाते, नदी कोणाच्याही सातबाऱ्यावर नसते. तरीही ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक आणि ज्याला जमीनच नाही त्याला पाणीही नाही, अशी आपली रीत आहे. जमिनीतील विषमता पाण्याच्या मार्गाने दुप्पट होऊन परत येते. खाजगी विहिरीचीही हीच कथा आहे. विहीर माझ्या रानात असली तरी तिचे झरे शेजाऱ्याच्या रानाखालूनही येत असतात.

पाणी पंचायत: माणशी अर्धा एकर

ही रीत बदलता येईल का? पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात एका माणसाने ती बदलून दाखविली. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंता व कारखानदार. १९७२ च्या भीषण दुष्काळात शेतकरी खडी फोडताना त्यांनी पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. १९७४ साली त्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली. बांधबंदिस्ती करून पाणलोटातील पाणी अडविले, तलाव व विहीर केली आणि किती पाण्यात किती माणसांचे पोट भरते याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. त्यासाठी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. त्यातूनच गटागटांच्या उपसा सिंचन योजना निघाल्या. याच कार्याला लोक पाणी पंचायत म्हणून ओळखतात.

तिचे नियम थोडे व स्पष्ट होते. पाणी एकट्यादुकट्याला नव्हे, तर गटाला मिळेल. पाण्याचे वाटप जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात होईल: माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. ऊस किंवा तशी पाणीखाऊ पिके घ्यावयाची नाहीत. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करावयाचा.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्या घरी पाच माणसे व वीस एकर जमीन आहे. पाणी पंचायतीच्या हिशेबाने त्या घराला अडीच एकरांचे पाणी मिळेल; उरलेली जमीन कोरडवाहूच राहील. शेजारी तीन माणसांचे घर व दोन एकर जमीन आहे; त्याला दीड एकराचे पाणी. तिसऱ्या घरी चार माणसे आहेत, पण जमीन मुळीच नाही. त्यालाही दोन एकरांचे पाणी. ते पाणी घेऊन तो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो. येथे भूमिहीन मनुष्य जमीनवाल्याच्या दारी हात पसरून जात नाही, तर आपला वाटा घेऊन भागीदार म्हणून जातो.

सर्वच योजना टिकल्या असे नाही. विजेची बिले, पंपांची दुरुस्ती आणि आपसांतील मतभेद यांमुळे काही बंद पडल्या. २००२ साली साळुंखे यांचे निधन झाले. तरीही पाण्याची मोजणी माणसांपासून करता येते, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातही १९८० च्या दशकात असेच घडले. येरळा नदीवर शेतकऱ्यांनी चळवळीच्या बळावर आणि नदीतील वाळूच्या विक्रीतून पैसा उभारून बळीराजा स्मृती धरण बांधले. भूमिहीनांसह सर्व कुटुंबांना पाण्याचा वाटा द्यावयाचा, हे तत्त्व त्यांनीही स्वीकारले.

पाणी दुसरीकडे वळते तेव्हा

आपल्या विदर्भात प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कर्जबाजारीपणा व शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यात वर्धा जिल्हा होता आणि निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनासाठी होती. धरणे बांधणे आवश्यकच होते. परंतु धरणात साठलेले पाणी शेतापर्यंत पोहोचेलच, याची हमी धरण देत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात उर्ध्व वर्धा धरणाचे पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याच्या निर्णयाविरुद्ध शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले. त्यानंतर २०११ साली कायद्यात बदल होऊन शेती, उद्योग व पिण्यासाठी पाण्याची वाटणी ठरविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला.

विजेची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु नाबोथाचा द्राक्षमळा राजा अहाबाला हवा होता तेव्हा किंमत देण्याची तयारी त्यानेही दाखविली होती. नाबोथाने मळा देण्यास नकार दिला, कारण तो त्याच्या पूर्वजांचा ठेवा होता. ज्यांचे जगणे एखाद्या निर्णयावर अवलंबून आहे, त्यांना विचारल्याशिवाय तो निर्णय घेणे हा अन्याय होय. शास्त्राचा कौल नाबोथाच्या बाजूचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात भूमी परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावरचे पाहुणे आहोत, असे सांगितले आहे. म्हणूनच योबेल वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जात असे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला. परंतु तिचा उपयोग सर्वांच्या हितासाठी व्हावा, असेही बजावले. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ सालच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्राचा मोठा भाग शेतीला वाहिला. त्यात त्यांनी कुटुंबाच्या शेतीचा पुरस्कार केला आणि शेतकऱ्यांनी आपल्या संघटना स्वतः उभाराव्यात असे सुचविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’मध्ये पिण्याच्या सुरक्षित पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले. या शिकवणीचे सार असे की, देवाने निर्माण केलेल्या वस्तू प्रथम सर्वांसाठी आहेत. मालकी त्यानंतर येते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट आपल्या घरातील. कुटुंबाची शेती म्हणताना कुटुंबात पत्नीही येते. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा वाटा पत्नीच्या नावे केला. आपल्यापैकी किती सातबाऱ्यांवर घरच्या लक्ष्मीचे नाव आहे?

दुसरी गोष्ट गावातील. २००५ सालच्या कायद्याने कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना पाणी वापर संस्थेद्वारे पाण्याचे व्यवस्थापन स्वतः करता येते. संचालक मंडळात कालव्याच्या मुखाकडील, मधल्या आणि शेवटच्या भागातील शेतकऱ्यांना सारखे स्थान आहे. या संस्थांच्या बैठकांना जावे आणि शेवटच्या शेताला पाणी पोहोचले का, हा प्रश्न तेथे विचारावा. भूमिहीनांना या कायद्यात जागा नाही. त्यांचा विषय ग्रामसभेत मांडावा.

तिसरी गोष्ट आपल्या धर्मग्रामातील, आणि ती सांगताना संकोच वाटतो. पुष्कळ ठिकाणी चर्च, शाळा व आश्रम यांच्या आवारात विहिरी आहेत, जमिनी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत त्या पाण्यात कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याचा किती वाटा असतो, हे आम्हा धर्मगुरूंनी प्रथम स्वतःला विचारले पाहिजे. उपदेश त्यानंतर करावा.

इसहाक पुढे सरकत गेला म्हणून त्याला रहोबोथ सापडले. आपल्याला ते आहे त्याच गावी, एकमेकांच्या घरातील माणसे मोजून निर्माण करावे लागेल. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एवढे ठरवू या: माझ्या विहिरीवरून माझा शेजारी तहानलेला परत जाणार नाही. तशी सुबुद्धी व धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो.