ओठांवरून गेले, हातांत उरले

चाकांच्या खुर्चीत बसलेली एक वृद्ध स्त्री. कानांना हेडफोन. चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चे स्वर सुरू होतात आणि थोड्याच वेळात तिची मान उंचावते, मनगटे वळतात, हात पंखांसारखे पसरतात. स्पेनमधील वॅलेन्सिया येथे २०१९ साली टिपलेली ही चित्रफीत पुढील वर्षाच्या अखेरीस जगभर फिरली. कदाचित आपणही ती पाहिली असेल. एके काळी बॅले नाचणाऱ्या या स्त्रीला स्मृतिभ्रंश झाला होता. चित्रफितीत मधूनमधून दिसणारी तरुण नर्तकी मात्र ती नव्हेच. ती दुसरीच कलावती. ही जोडाजोड अनावश्यक होती. त्या थकलेल्या हातांनी पुरेसे सांगितले होते.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठविणारा मेंदूचा ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग लवकर झिजू लागतो. म्हणून सकाळची न्याहारी दुपारी आठवत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाच्या हालचाली मेंदूच्या अन्य भागांवर विसंबून असतात आणि तेथवर झीज बहुधा उशिरा पोचते. ‘अंगवळणी पडणे’ हा आपला शब्दप्रयोग किती नेमका आहे, पाहा.

हेच पत्रकेही सांगतात. पण ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होणाऱ्या घराला पत्रक पुरत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आपण अजून पाहिला नसेल, तर घरच्यांसह अवश्य पाहावा. त्यातील संस्कृतचे व्यासंगी चक्रपाणी शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे निघून जातात. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. घरचे लोक शोधात असताना त्यांना सांभाळते ती माहुताची कन्नड बोलणारी पत्नी. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, आजाराचे नावही नाही. समोर आहे तो माणूस ती सांभाळते. शुश्रूषेवरील अनेक व्याख्यानांनी न जमलेले काम हा चित्रपट करतो, असे माझे मत आहे.

हत्तीवरून आठवले. २१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन झाला की लवकरच नवरात्र येते आणि पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरला जातो. यंदा आपल्या सोसायटीच्या रिंगणात एक-दोन भक्कम खुर्च्या ठेवा आणि विस्मरण झालेल्या आजींना तेथे बसवा. उभे राहण्याचा आग्रह नको. तोल जाण्याचे भय असते. ध्वनिक्षेपक टाळा, गोंगाटाने त्या बावरतील. ‘हे गाणे कोणते, सांगा बरे!’ असे विचारू नका. गाणे सुरू करा आणि त्यांच्या हातांकडे पाहा. ठेका धरला तर उत्तम, न धरला तरी काही बिघडत नाही. आजार यामुळे बरा होत नसतो. डोळे भरून आले, चेहरा कष्टी झाला, तर शांतपणे बाजूला न्या.

मात्र ज्या शेजारणींना ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे वाटत होते, त्यांना त्या फेरात जरूर बोलवा. आणि खिरापत ओळखण्याचा खेळ आजींपुरता सोडून द्या. वाटी सरळ त्यांच्या हाती ठेवा.