रहिवाशाच्या नजरेतला उत्तर डेव्हन

एखाद्या ग्रामीण परिसराचे व्यक्तिमत्त्व छायाचित्रांत उतरवायचे, तर तिथली प्रेक्षणीय स्थळे टिपून भागत नाही. तिथली कामे, ऋतूंचे फेरे, माणसांचे जमिनीशी आणि जनावरांशी असलेले नाते हे सारे त्यांत यावे लागते, आणि त्यासाठी छायाचित्रकाराला तिथे मुक्काम करावा लागतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्याच्या उत्तर भागात जेम्स रॅव्हिलियस (1939–1999) यांनी केलेले काम याची साक्ष देते.

चित्रकार एरिक रॅव्हिलियस यांचे पुत्र असलेल्या जेम्स यांनी लंडनमध्ये कलाशिक्षण घेतले होते. 1972मध्ये ते डेव्हनमध्ये राहायला आले, तेव्हा बीफर्ड येथील कलाकेंद्राचे संचालक जॉन लेन यांनी टॉ आणि टॉरिज या नद्यांच्या परिसरातील जनजीवनाची छायाचित्रांतून नोंद करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या आधी काही काळ हेच काम करणारे तरुण छायाचित्रकार रॉजर डीकिन्स पुढे चित्रपटांचे छायालेखक म्हणून नावारूपाला आले. रॅव्हिलियस यांचे काम मात्र तब्बल 17 वर्षे चालले आणि त्यातून 70 हजारांहून अधिक कृष्णधवल छायाचित्रे जमा झाली. उत्तर डेव्हनच्या लोकांना त्यांचेच जीवन दाखवावे, हा या उपक्रमाचा मूळ हेतू होता.

हा मुलूख छोट्या शेतांचा आणि आडवाटांवरच्या वस्त्यांचा असल्याने जुन्या कामाच्या पद्धती तिथे अधिक काळ टिकून होत्या. मेंढ्यांचे वेत, मातीच्या बांधावरील झुडपांच्या फांद्या अर्धवट छाटून व आडव्या वळवून जिवंत कुंपण घट्ट करण्याचे कसब, घरांची शाकारणी, डॉक्टरांची घरभेट, प्रार्थनामंदिरातील मेळावे, जत्रा आणि हिमवर्षाव असा विस्तृत पट त्यांनी टिपला. आजारी मेंढीसाठी आयव्हीच्या वेलीचा पाला घेऊन निघालेला वृद्ध शेतकरी हे त्यांचे एक गाजलेले छायाचित्र. असे क्षण पाहुण्यासाठी घडवून आणता येत नाहीत, ते रोजच्या शेजाराच्या ओघात समोर येतात.

तंत्राची निवडही याच वृत्तीशी जुळणारी होती. ते लायका हा लहान कॅमेरा वापरत. त्याच्या शटरचा आवाज अगदी मंद असल्याने समोरच्या माणसाचे काम खंडित होत नसे. प्रकाश समोरून येत असताना चित्र घेणे त्यांना विशेष आवडे, परंतु अशा वेळी उजळ भाग जळून पांढरे पडतात आणि सावल्या काळ्याठिक्कर होतात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आवरणविरहित जुनी भिंगे निवडली. भिंगाच्या काचेवरील अतिसूक्ष्म आवरण परावर्तन रोखते. ते नसलेल्या भिंगात थोडा प्रकाश आतल्या आत पसरतो आणि सावल्यांतील बारकावे उजळतात. धुके, ओल आणि विरळ ऊन यांनी घडलेला तिथला मृदू प्रकाश त्यामुळे चित्रांत उतरला.

स्वतःच्या कामाबरोबर त्यांनी स्थानिक कुटुंबांकडील जुन्या छायाचित्रांच्या प्रतीही करून घेतल्या. त्यामुळे बीफर्डच्या संग्रहात त्यांच्या काळाआधीच्या पिढ्यांचे जगणेही सामावले गेले, आणि बदल ओळखता येण्यासाठी लागणारा आधार तयार झाला.

या कामाचे मोल सौंदर्याइतकेच नोंदीतही आहे, कारण त्यांच्या अनेक छायाचित्रांच्या शीर्षकांत माणूस, काम, वाडी, गाव आणि वर्ष यांचा उल्लेख असतो. महाराष्ट्रात स्वतःच्या गावाचे चित्रण करणाऱ्यानेही हाच कित्ता गिरवायला हवा. नाव, ठिकाण आणि तारीख लिहिलेले साधे छायाचित्र उद्याच्या अभ्यासकाला पुराव्यासारखे उपयोगी पडते, तर तपशिलाविना उरलेले सुंदर छायाचित्र कोणत्याही गावाचे ठरू शकते.